भिंतीवरची सर्कसवाली

मला लायटिंगचा वीट आला आहे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, कारण माझं पोटच त्याच्यावर आहे. कारंजा गावाच्या आसपास लग्न असो, बारसं असो, गणपती असो की देवी, माळा मी लावतो, कमान मी उभी करतो, जनरेटरवाल्याशी तोंड मी वाजवतो. वऱ्हाडी मांडवात आले की एकदा वर पाहून "वा" म्हणतात अन् जेवायला बसतात. दुसऱ्या दिवशी तेच सगळं उतरवायचं, गुंडाळायचं, दुसऱ्या गावी न्यायचं. गुडघे धरतात. शिडीवर चढलो की बायको तिथं नसली तरी तिचा आवाज कानात येतो, "वय काय झालं तुमचं?" घरी मी एका ट्यूबच्या उजेडात जेवतो, अन् ती ट्यूबही फडफडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो पाहायचा असेल तर आमच्याकडे या.

म्हणून दादाच्या खोलीत दिवे लावायचे मी ठरवलं तेव्हा बायको म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." घोडं माझं मीच धाडलं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. पोरी लग्न होऊन गेल्या, आता तो अन् वहिनी दोघंच. दादाला साखर आहे, बरीच जुनी. आधी पायाचं बोट गेलं, मग डोळ्यांवर आलं. अकोल्याला दाखवलं. डॉक्टरनं एक मशीन डोळ्याला लावून पाहिलं, दुसरं लावून पाहिलं अन् सांगितलं की पडद्यात रक्त उतरलंय, डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजवा किती साथ देईल ते सांगता येत नाही. "दिसतंय तोवर पाहून घ्या," असं तो दादाच्या तोंडावर म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला, पण म्हणाला. येताना एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा वहिनीनं भजे घेतले अन् दादानं ते गपचूप खाल्ले.

पुढं तो दारासमोरच्या नालीत पडला. लागलं काही नाही, पण लाजला. गल्लीतली माणसं उचलायला आली, त्याला त्यांचे चेहरे ओळखू येईनात, तो हरेकाला "कोन?" विचारत राहिला. त्या दिवसापासून त्यानं उंबरठा सोडला. खाटेवर बसायचा, रेडिओ लावायचा, बंद करायचा. जो माणूस कधी बुडाला माती लागू द्यायचा नाही, तो असा बसलेला पाहून माझा जीव खाली-वर व्हायचा. राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

उन्हाळ्यात गल्लीतच एक लग्न निघालं. लायटिंग अर्थातच माझी. वहिनीनं खुर्ची टाकून दादाला ओट्यावर आणून बसवलं. मी शिडीवरून उतरलो तर त्यानं मला हाक मारली.

"लाल माळ लावली का बे तू, समोरच्या खांबाले?"

"हो."

"थे दिसून राह्यली मले. मानसं नाई दिसत, निरं धुपट दिसते, धूर कोंडल्यावानी. पन थे लाल दिसते. अन् तिकडं हिरवी हाय का?"

तिकडं हिरवी होती. मी शिडी भिंतीला टेकवली अन् त्याच्याशेजारी ओट्यावर बसलो. तीस वर्षं माळा लावतोय, पण माझ्या दिव्यांचा कुणाला खरंच उपयोग झाला असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दादा त्या माळेकडं टक लावून बसला होता अन् चेहऱ्यावर बारीक हसू होतं. मी विचार केला, याला लग्नाच्या माळा काय दाखवायच्या? याचं स्वतःचं असं काहीतरी उजेडात दाखवू. अन् मला ती फळी आठवली.

आता फळी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. दादा तरणा असताना मुंबईला गेला होता, कँटीनमध्ये कामाला. परत आला तेव्हा कमाई म्हणून काय घेऊन आला, तर सरकी पोचवून परत येणाऱ्या ट्रकात घालून एक मशीन. कुठल्या तरी क्लबानं काढून टाकलेली. आमच्या बाबांनी कपाळावर हात मारला. टेबलासारखी पेटी, वर काच, काचेखाली एक तिरकी लाकडी फळी. फळीवर सर्कशीचं चित्र. मधोमध तोकड्या कपड्यातली एक गोरी बाई, हातात चाबूक, बाजूला पट्ट्यापट्ट्यांचा वाघ. चित्रात जागोजागी भोकं पाडून त्यांत रंगीत प्लास्टिकच्या चकत्या बसवलेल्या, कुठं गोल, कुठं बाण, कुठं तारा. चकत्यांच्या खाली बल्ब. स्प्रिंग ओढून सोडली की लोखंडी छर्रा सणकन वर जायचा अन् रबरांना धडकत धडकत खाली यायचा. खाली दोन लहान दांड्या होत्या, बाजूच्या बटणांनी त्या उडवून छर्रा परत वर हाणायचा. छर्रा जिथून जाईल तिथला दिवा लागायचा. तिचं इंग्रजी नाव काय होतं कुणाला ठाऊक. सगळा तालुका तिला छर्ऱ्याची मशीन म्हणायचा.

स्टँडजवळ टिनाच्या खोलीत दादानं ती मांडली. बाप्पा, काय गर्दी व्हायची! कापूस विकून बसची वाट पाहणारे शेतकरी धोतर सावरत खेळायचे. कॉलेजचे पोट्टे तास बुडवून यायचे. जास्त हलवली की मशीनचे सगळे दिवे एकदम विझायचे अन् दादा म्हणायचा, "रुसली. चला, निघा घरी." मंगरूळपीरच्या उरसात, आजूबाजूच्या जत्रांत तो ती घेऊन जायचा. मी त्याच्या मागं. फळीच्या पोटाखाली उताणा पडून, तोंडात बॅटरी धरून, कुठली तार कुठल्या बल्बाला जाते हे मी दादाकडून शिकलो. चटके बसले, शिव्याही बसल्या. मी आज जो काही वायरमन आहे तो त्या फळीखाली झालो.

पुढं टीव्हीवरचे गेम आले, मोबाइल आले. रस्ता रुंद झाला त्यात टिनाची खोली गेली. पेटी पावसात कुजली, तिची लाकडं वहिनीनं बंबात घातली. काच खिडकीला बसली. अन् फळी वहिनीचा भाऊ मेडशीला घेऊन गेला, कारण त्याला फळी पाहिजे होती. इतकं साधं ते झालं. दादानंच उचलून दिली.

मी मेडशीला गेलो. वहिनीच्या भावानं वावरातल्या कोठ्यात नेलं. तुरीच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून पोत्यांखाली फळ्या टाकल्या होत्या, त्यांत ती एक. पोती हलवली. धुळीतून आधी वाघाचा डोळा दिसला.

"न्या ना पाहुने," तो म्हणाला, "पन हे लाकूड कायले पाह्यजे तुमाले?"

"भिंतीवर लावाले."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू दादाच्या डोळ्यांसोबत माझं डोकंही गेलं. पण भला माणूस, फळी पुसून दिली, वर तुरीची डाळही दिली. एसटीत मी ती उभी धरून बसलो, चित्राची बाजू आपल्याकडं करून. तरी एका म्हाताऱ्यानं वाकून पाहिलंच. मग मागून कुणीतरी ओरडलं, "कंडक्टर साहेब, बाईमानूस आहे, अर्धं फाडा!" सगळी बस हसली. मीही हसलो. कितीक दिवसांनी हसलो असेन.

फळी घरी आली अन् दादा बदलला. खाटेवरून उठून तो तिच्यावर हात फिरवत बसला. बोटानं चकत्या चाचपायचा अन् रंग सांगायचा. "वरतं तीन गोल. लाल, पिवळा, लाल. मधात तारा, थो हिरवा. वाघाच्या पायाखाली बान, निरे पिवळे." मी ओल्या फडक्यानं पुसून पाहायचो, बरोबर निघायचं. मी त्याला बेत सांगितला. फळीच्या मागं चार बोटं खोल लाकडी चौकट ठोकायची. हरेक चकतीमागं तिच्याच रंगाची एलईडी पट्टी लावायची, म्हणजे लाल चकतीतून लालच उजेड निघेल, पांढऱ्या पट्टीनं ती गुलाबी पडते. मोकळ्या भोकांमागं दुधी अॅक्रेलिक. अन् सगळं खाटेच्या समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला.

"कधी लावतं?" त्यानं विचारलं.

"मंगरूळपीरच्या दोन वराती आहेत. त्या झाल्या की लगेच."

"लवकर लाव बे," तो म्हणाला. दादानं आयुष्यात मला कधी लवकर कर म्हटलं नव्हतं.

मी मंगरूळपीरला गेलो. दोनाच्या चार वराती झाल्या, लग्नसराईत असंच होतं. परत आलो, पाय धुतले अन् सरळ दादाच्या खोलीत गेलो. खाटेसमोरच्या भिंतीवर एक देवी टांगलेली होती.

मला आधी काही उमजलंच नाही. हिरवं नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू, नाकात नथ, हातात कमळ, बाजूला वाघ. गळ्यात शेवंतीचा हार. खाली पाटावर निरांजन, उदबत्ती. मग वाघाच्या डोळ्याकडं लक्ष गेलं. मेडशीच्या धुळीतून दिसला होता तोच डोळा.

झालं होतं असं. वहिनीनं विचार केला, जुनी फळी, भाऊजी थकून येतील, आपण तेवढी रंगवून ठेवू. आमच्याकडं जुनी वस्तू तशीच भिंतीवर चढवत नाहीत, चुना नाहीतर रंग, काहीतरी हात मारल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय ती उघडी बाई. लेकी-जावई येणार, शेजारणी येणार, ती तशी कशी टांगायची? वहिनीनं पेंटरला बोलावून सांगितलं, "हिले जरा अंगभर कपडे घाल अन् थे भोकं बुजवून टाक, पाली घुसतीन." पेंटर दुकानांच्या पाट्या करणारा, गणपती रंगवणारा. त्यानं आधी भोकांत लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरली, घासून गुळगुळीत केली. चकत्यांवर ऑइलपेंट मारला. लुगडं नेसवलं. मग हातात चाबूक बरा दिसेना, त्याचं त्यानं कमळाचं देठ केलं.

मी तसाच त्याच्या दुकानी गेलो अन् त्याला धरला. तो म्हणाला, "माझ्यावर कायले चिडता? वाघ हाय, बाई हाय, हातात काही हाय. देवी नाई तं कोन?"

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, तसं. पण हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. त्या चकत्यांतूनच उजेड यायचा होता. आता फळीच्या मागं सूर्य आणून ठेवला असता तरी पुढं काजवाही दिसला नसता.

घरी येऊन मी वहिनीवर ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, मांडवात ओरडून ओरडून झालाय. "वहिनी, हे काय करून ठेवलं तुमी? थे सर्कसवाली होती!"

"होती," वहिनी म्हणाली. "आता नाई."

"त्या चकत्यांतून दिवे लागत होते! दादाले दिसावं म्हून करून राह्यलो होतो मी!"

तिचा चेहरा उतरला. "मले काय मालूम भाऊजी, त्यातून उजेड येते म्हून? मी कधी आली का त्या टिनाच्या खोलीत? मले वाटलं उंदरानं कुरतडली हाय." मग पदर डोळ्याला लावला. रडली, पण फळीपाशी जाऊन उभीही राहिली, मी हात लावू नये म्हणून.

"पातं घेऊन खरवडतो मी रंग," मी म्हणालो.

"देवीवर पातं चालवता? पूजा केली मी तिची. नैवेद्य दाखवला. हात झडतीन भाऊजी."

अन् हे नुसतं वहिनीचं नव्हतं. गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन येऊन गेल्या होत्या. एकीचं पोरगं बारावी पास झालं, तिनं पेढे ठेवले. कुणी म्हणालं, जुन्या लाकडातून देवी निघाली. मी डोकं धरून बसलो. मेडशीहून अर्ध्या तिकिटाच्या थट्टेत आलेली बाई आमच्याच घरात नवसाला पावायला निघाली होती.

दादा खाटेवर बसून हे सगळं ऐकत होता. मला वाटलं तो वहिनीला दोन शब्द सुनावेल. तो हसला. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाला, "राहू दे बे. लय दिवसांनी तिनं काही हौसेनं केलं, म्हून मी टोकलं नाई. नाईतं माह्या गोळ्या अन् माह्या डोळ्यातले थेंब, याच्यातच तिचा दिवस जाते."

"अन् तुये डोळे?"

"मले अजून दिसते. घाई नाई."

हा तोच माणूस, जो मला लवकर लाव म्हणाला होता. मला त्याचाही राग आला. घरात तिघं माणसं अन् तिघांवर मी चिडलेला, त्यांत एक मी स्वतः. बायको म्हणाली, "देव पाण्यात घालून ठेवा आता." ती थट्टेत म्हणाली, पण वहिनीनं त्यातून विसर्जनच धरलं. नवरात्र येऊ दे, घट बसू दे, दसऱ्याला तिची रीतसर पाठवणी करू, मग लाकूड तुमचं, असं तिनं सांगितलं. म्हणजे सगळा पावसाळा जाणार. मी भांडलो, गप्प झालो, परत भांडलो. वहिनी चहा करून द्यायची अन् ऐकून घ्यायची. तिच्यापुढं माझा इलाज चालेना. आत तिलाही डोळ्यांची भीती होती, ती देवीपुढं बसून तेच मागत होती हे मला ऐकू यायचं. तिचं मागणं अन् माझं मागणं एकच होतं, फक्त एका फळीवर दोघांचं जमत नव्हतं.

पाऊस लागला. सोयाबीन पेरून झालं. लोकांची लग्नं संपली, माझे हात रिकामे झाले, अन् नेमकं करायला काही नाही. मी चौकट करून ठेवली. पट्ट्या कापून, रंगांप्रमाणे जोडून, अॅडप्टर लावून तपासून ठेवल्या. रोज संध्याकाळी दादाकडं जाऊन बसायचो. तो माझ्याशी बोलताना आधी माझ्या तोंडाकडं पाहायचा, मग माझ्या खांद्याकडं पाहायला लागला. मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. विचारलं तर तो "दिसते ना बे" म्हणायचा.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वहिनीनं सकाळी पूजा केली अन् दादाला म्हणाली, "उठा, देवीले हात जोडा." दादा उठला. भिंत चाचपत चालला, थांबला, दोन्ही हात जोडले, डोकं टेकवलं. मनापासून. पण देवी त्याच्या पाठीशी होती. तो लोखंडी कपाटाला हात जोडून उभा होता.

मी दारात होतो. वहिनीनं निरांजन खाली ठेवलं. त्याला धरून खाटेवर बसवलं, चहा दिला. मग आंघोळ करून ओल्या केसांनी परत आली. पाटावरच्या अक्षता घेतल्या, देवीवर वाहिल्या, तोंडानं पुटपुटली, "आई, चुकलं-माकलं पोटात घे. तू कुठंही राहशीन, पन यायले जरा उजेड दाखव." हार उतरवला. फळी हलवली, जशी मूर्ती जागेवरून हलवतात तशी. अन् माझ्याकडं न पाहता म्हणाली, "काढा भाऊजी. आता लाकूड हाय."

त्या वेळी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. थिनर आणायला पळालो.

गणपती तोंडावर आले होते. मंडळांची पोरं माझ्या दारात उभी अन् मी अंगणात बसून रंग उतरवत होतो. एका मंडळाला तर मी चक्क नाही म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा. ऑइलपेंट काय सहजासहजी निघतो का! थिनर जास्त लागला तर खालचं जुनं चित्रही सोबत येतं. वाघाचं अर्धं तोंड गेलं. बाईच्या एका खांद्यावर हिरवा पदर राहिला तो राहिलाच. भोकांतली लांबी मी पेचकसानं कोरून काढली. चकत्या एकेक करून रॉकेलच्या बोळ्यानं चोळल्या, नखाला गुळगुळीत लागेपर्यंत चोळल्या. दादा खुर्ची टाकून शेजारी बसायचा. खरखर ऐकून म्हणायचा, "हळू बे, तारा फुटंन." मी म्हणायचो, "फुटत नाई, गप बस." असे आम्ही पुन्हा त्या फळीपाशी बसलो होतो, जसे टिनाच्या खोलीत बसायचो, अन् पाठ मोडली होती तरी ते दिवस मला बरे गेले.

एका संध्याकाळी काम झालं. दिवेलागणीची वेळ होती. मी फळी भिंतीवर चढवली, खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. खोलीत अंधार केला. वहिनीनं दादाला धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले, जसं कुठं जायचं आहे. खुर्ची फळीच्या समोर, हातभर अंतरावर ठेवली. दादा बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर.

मी बटण दाबलं.

मी आजवर अनेक मांडव उजळले, पण असं नव्हतं पाहिलं. वरचे तीन गोल, लाल, पिवळा, लाल. मधला तारा हिरवागार. वाघाच्या पायाखालचे बाण एका ओळीत पेटलेले. सगळी बाई उजेडात उभी, एका खांद्यावर पदर घेऊन. भिंत रंगली, खाटेची चादर रंगली, दादाचा पांढरा शर्ट लाल-हिरवा झाला. वहिनीनं दोन्ही हात जोडले. मी फळीकडं पाहत नव्हतो. मी दादाच्या चेहऱ्याकडं पाहत होतो.

तो सरळ फळीकडं पाहत होता. चेहऱ्यावर हसू होतं, लग्नाच्या माळेकडं पाहताना होतं तसंच. लाल उजेड त्याच्या उजव्या डोळ्यात दिसत होता. तो थोडा पुढं झुकला.

"लाव ना बे," तो म्हणाला. "काहून थांबला?"

वहिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती माझ्याकडं पाहत होती, त्या डोळ्यांत काय होतं ते मी कधी विसरणार नाही. नवरात्रापर्यंत थांबा म्हणालेली ती, अन् पावसाळाभर थांबलेला मी. तिच्या घशातून आवाज फुटायच्या आत काहीतरी बोलायला पाहिजे होतं, अन् मला एकच सुचलं.

"लाईन गेली दादा," मी म्हणालो.

त्याच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. शर्टाची कॉलर वाऱ्यानं हलत होती. दादानं तोंड जरासं वर केलं, पंख्याचा वारा गालावर घेतला. मग मान खाली घेतली, वहिनी जिथं उभी होती त्या बाजूला वळून हसला.

"गेली का?" तो म्हणाला. "बरं. आली का सांगजो. मी बसतो इथंच."